96 टक्के आणि राहून गेलेले चार प्रयोग

सल्ला सदर

पत्र :

स. न. वि. वि.
मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्सोवा कोळीवाड्यात राहते. आमच्याकडे जेवणात तिसऱ्या (शिंपल्यातली मासळी) केल्या की शिंपल्यांचा ढीग उरतो. ते शिंपले धुऊन, वाळवून, कुटून मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या भट्टीत) 900 अंश सेल्सिअसला दोन तास भाजले आणि ती भुकटी पाण्यातले फॉस्फेट काढायला वापरली. लिटरला 1 ग्रॅम भुकटी घातली की 5 मिलिग्रॅममधले 96.37 टक्के फॉस्फेट जाते. फॉस्फेट भुकटीच्या पृष्ठभागावर चिकटते, म्हणजे हे अधिशोषण आहे, असे मी पोस्टरवर लिहिले आहे, कारण अधिशोषणाची लँगम्युअर आयसोथर्म ही आलेखाची रेघ माझ्या आकड्यांवर 0.99 ने बसते. विद्यापीठाच्या आविष्कार स्पर्धेत माझे पोस्टर पुढच्या फेरीसाठी निवडले गेले आहे.
आता प्रश्न असे. एका जर्नलचा ईमेल आला, साडेतीन हजार रुपये भरले तर पाच दिवसांत पेपर छापू म्हणतात. मी पीडीएफ पाठवून दिली, पैसे अजून भरलेले नाहीत. गाइड सर म्हणतात, पेपरवर त्यांच्या एका मित्राचेही नाव घालू. त्यांना मी कधी भेटलेले नाही. वर्गातले म्हणतात पेटंट घे. पप्पांना वर्तमानपत्रात बातमी द्यायची आहे. मला पीएच.डी. करायची आहे. यातले काय आधी करू?
– एक विद्यार्थिनी, वर्सोवा

उत्तर :

आधी मनापासून अभिनंदन. घरातल्या कचऱ्याकडे बघून प्रश्न सुचणे, त्यासाठी भट्टी मिळवणे, कॉलेजच्या तुटपुंज्या वेळात रीडिंग घेणे आणि ते चारचौघांपुढे मांडणे, हे सगळे तू केले आहेस. आमचा सल्ला मात्र एका क्रमाचा आहे. पेपर, पेटंट, बातमी आणि सीव्ही या चारही गोष्टी त्या एका आकड्यावर उभ्या आहेत, म्हणून आधी तो आकडा पक्का कर. दोन-तीन आठवड्यांचे काम आहे आणि पुढच्या फेरीआधी ते होण्यासारखे आहे. पैसे भरू नकोस, हे उत्तर मात्र आजच घे. त्याचे कारण पुढे येईल.

96.37 पासून सुरुवात करू. तू लिहिले आहेस 5 मिलिग्रॅम फॉस्फेट. हे फॉस्फेट म्हणून की फॉस्फरस म्हणून? दोन्हींत 3.07 पटींचा फरक पडतो, आणि परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे 219.5 मिलिग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवून स्टॉक (मूळ द्रावण) केला असशील तर तो लिटरला 50 मिलिग्रॅम फॉस्फरसचा होतो. मग पोस्टरवरही ‘फॉस्फरस म्हणून’ असे स्वच्छ लिही. खालचा सगळा हिशेब आम्ही तसे धरून केला आहे.

96.37 टक्के गेले म्हणजे लिटरला 0.18 मिलिग्रॅम उरले. निळ्या मोलिब्डेटच्या पद्धतीत (फॉस्फेट जितके जास्त तितका निळा रंग गडद) 1 सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये, म्हणजे नमुन्याच्या कुपीत, 880 नॅनोमीटरला, लिटरला 1 मिलिग्रॅम फॉस्फरस साधारण 0.6 अब्सॉर्बन्स (प्रकाश शोषला जाण्याचे माप) देतो. म्हणजे तुझे 0.18 हे 0.11 च्या आसपास वाचले गेले असणार. त्या जागी रीडिंग 0.01 ने इकडे-तिकडे झाले तरी उरलेले फॉस्फेट 0.02 ने हलते आणि टक्केवारी 0.4 ने. एकट्या या चुकीने दशांशानंतरचे दोन्ही आकडे डळमळतात. पोस्टरवर ‘96 टक्के’ लिही. कमी आकडे लिहिल्याने काम लहान दिसत नाही, उलट मोजणाऱ्याला आपल्या उपकरणाची ओळख आहे हे दिसते.

मग ब्लँक, म्हणजे फॉस्फेट न घातलेला नमुना, दहा वेळा वाच. दहा रीडिंगचे प्रमाण विचलन काढ, त्याला 3 ने गुण आणि कॅलिब्रेशनच्या (माहीत असलेल्या द्रावणांच्या, म्हणजे स्टँडर्डच्या, आलेखाच्या) चढाने भाग. विचलन 0.004 आणि चढ 0.62 आला तर लिटरला 0.019 मिलिग्रॅम ही तुझी शोधमर्यादा. त्याखालचा कुठलाही आकडा ‘शून्य’ म्हणून लिहू नये, ‘मर्यादेखाली’ म्हणावे. स्टँडर्ड 0.1 ते 1.0 च्या पट्ट्यात ठेव. सुरुवातीचे 5 मिलिग्रॅमचे पाणी त्या पट्ट्यात बसत नाही, ते दहापट पातळ करूनच वाचावे लागते, त्यात पिपेटची चूक मिसळते आणि रीडिंगची चूकही मग दहापट होऊन येते. तो पातळ नमुना तीनदा वेगवेगळा बनव.

रंग न उठण्याची किंवा नको तेवढा उठण्याची कारणे ठरलेली आहेत. काचेची भांडी साबणाच्या पावडरीने धुतली असतील तर पावडरीतले फॉस्फेट ब्लँकमध्ये उतरते. भांडी 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून मग डिस्टिल्ड पाण्याने धू आणि फॉस्फेटच्या कामासाठीच बाजूला ठेव. मिश्र रिएजंट (रंग आणणारे द्रावण) चार तासांपलीकडे वापरू नकोस. 50 मिलि नमुन्याला 8 मिलि रिएजंट, आणि रीडिंग 10 ते 30 मिनिटांच्या आत. सगळ्या बाटल्यांना एकदम रिएजंट घालून एकेक वाचत बसलीस तर शेवटची बाटली वेळेबाहेर जाते, म्हणून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने घाल. कॉलेजात 700 पर्यंतच जाणारा कलरीमीटर असेल तर तेवढ्यावरही काम होते, संवेदनशीलता कमी मिळते एवढेच. पण पोस्टरवर तरंगलांबी खरी लिही.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट. भाजलेल्या शिंपल्याने पाणी कडक अल्कधर्मी होते. रिएजंट घालण्याआधी नमुन्यात फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब टाक; गुलाबी झाले तर 5 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब घालून रंग जाऊ दे. आणि त्याच्याही आधी नमुना 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढ. नुसते निवळून वरचे पाणी घेतले असशील तर त्यात न दिसणारे कण राहतात, रिएजंटमधल्या आम्लात ते विरघळतात आणि धरलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात सोडतात. रीडिंग दर वेळी वेगळे येत असेल तर आधी इथेच शोध.

आता मुख्य मुद्दा. तू याला ‘अधिशोषण’ म्हणते आहेस. आम्हाला ते तसे वाटत नाही.

शिंपला म्हणजे जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट. 900 अंशांना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. पाण्यात पडताच तो विरतो, पीएच 12 च्या वर जातो आणि सुटलेले कॅल्शियम फॉस्फेटला घेऊन साक्याच्या रूपात खाली बसते. म्हणजे भुकटीच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटले असे नाही, दोन्ही मिळून नवाच घन पदार्थ तयार झाला. तो हायड्रॉक्सिॲपेटाइट (कॅल्शियम आणि फॉस्फेटचा एक घन क्षार) असतो असे धरले तर एका फॉस्फरसला 1.67 कॅल्शियम लागतात. लिटरमधल्या 5 मिलिग्रॅम फॉस्फरसला त्या हिशेबाने फक्त 15 मिलिग्रॅम कळीचा चुना पुरतो. तू घातलास 1,000 मिलिग्रॅम, गरजेच्या साठ पटींहून जास्त. एवढ्या चुन्यात 96 टक्के फॉस्फेट बसले याचे नवल नाही. उरलेले चार टक्के का बसले नाहीत, हा प्रश्न जास्त बोलका आहे.

लँगम्युअरची रेघ 0.99 ने बसली म्हणून अधिशोषण सिद्ध होत नाही. साका बसण्याचे आकडेही त्या रेघेवर छान बसतात, विशेषतः 1 भागिले संख्या घेऊन सरळ रेघ काढली की. पाच-सहा बिंदूंतून काढलेली सरळ रेघ फार काही नाकारत नाही. आविष्कारच्या परीक्षकांपैकी कोणी पाण्याच्या शुद्धीकरणावर काम केलेले असेल तर नेमका याच जागी बोट ठेवेल, आणि तेव्हा उत्तर हाताशी हवे.

ते उत्तर चार बाटल्यांत आहे. तुझ्या भुकटीच्या बाटलीशेजारी, त्याच फॉस्फेटच्या पाण्याच्या, त्याच वेळेच्या, त्याच हलवण्याच्या या चार ठेव :

पहिलीत प्रयोगशाळेतला शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, लिटरला 1.32 ग्रॅम, म्हणजे तुझ्या 1 ग्रॅम कळीच्या चुन्याएवढेच कॅल्शियम. दुसरीत न भाजलेल्या शिंपल्याची पूड, लिटरला 1.79 ग्रॅम, इथेही कॅल्शियम तेवढेच. तिसरीत कॅल्शियम अजिबात नाही, फक्त सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच तुझ्या बाटलीएवढा आणलेला. चौथीत काहीच नाही. प्रत्येकाच्या तीन प्रती, तुझ्या भुकटीच्या तीन, म्हणजे पंधरा बाटल्या. सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच प्रत्येकीचा टिपून ठेव. दोन दिवसांचे काम आहे.

पहिली बाटली तुझ्याएवढीच चालली आणि दुसरी चालली नाही, तर तुझा शिंपला हा चुन्याचा एक स्वस्त उगम आहे, एवढे सिद्ध झाले. तिसरीत फॉस्फेट जसेच्या तसे राहिले तर नुसत्या पीएचने काम होत नाही, कॅल्शियमच लागते, हेही कळले. तुझी भुकटी शुद्ध चुन्यापेक्षा खरोखर सरस ठरली, आणि तीन वेगळ्या घाण्यांत (वेगवेगळ्या वेळी भाजलेल्या भुकटीत) सरस ठरली, तर मग शिंपल्यात चुन्याखेरीज काय आहे हा पुढचा प्रश्न तुझा. चौथ्या बाटलीतले फॉस्फेट कमी झाले असेल तर फॉस्फेट बाटलीला किंवा फिल्टरला चिकटते आहे. तेवढे सगळ्यांतून वजा करावे लागेल. यातला कोणताही निकाल आला तरी पोस्टर पहिल्यापेक्षा भक्कमच होईल. ‘अधिशोषण’ हा शब्द काढून ‘अवक्षेपण’ (साका बसणे) लिहावा लागला, तर तो बदल पुढच्या फेरीत स्वतःहून सांग : आधी आम्ही असे समजत होतो, या बाटल्यांनी वेगळे दाखवले. परीक्षकांच्या दृष्टीने त्या पोस्टरवर याहून मोलाचे दुसरे काही नसेल.

‘तीन वेगळे घाणे’ म्हटले ते मुद्दाम. एकाच बरणीतली भुकटी तीन बाटल्यांत घातली तर तुझा हात किती स्थिर आहे एवढेच कळते. शिंपले वेगळे घेऊन, वेगळ्या दिवशी, वेगळे भाजून आलेले तीन आकडे म्हणजे तीन प्रयोग.

भट्टीकडे जरा जवळून बघ. भाजण्याआधी क्रूसिबल (भाजायचे भांडे) रिकामे तोल, मग 10 ग्रॅम कोरड्या पुडीसकट. पूर्ण भाजले गेले तर 5.6 ग्रॅमच्या आसपास उरले पाहिजे, कारण वजनाचे 44 टक्के कार्बन डायऑक्साइड म्हणून जातात. सात ग्रॅम उरले तर आतला भाग कच्चा आहे : थर जाड झाला, किंवा भट्टीचा काटा दाखवतो तेवढी ती तापत नाही. पूड पातळ पसर आणि वेळ वाढव. आता मुंबईची हवा. कळीचा चुना उघडा राहिला की हवेतले पाणी ओढून विरतो, ते 5.6 ग्रॅम पूर्ण विरले तर 7.4 ग्रॅम होतात, आणि पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कार्बोनेटकडे वळतात. जानेवारीत तोललेला 1 ग्रॅम आणि जुलैत त्याच बरणीतून तोललेला 1 ग्रॅम म्हणजे एकच चीज नव्हे. भट्टी 200 अंशांच्या खाली आली की क्रूसिबल थेट डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात), निवले की लगेच तोलायचे, छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत वाटायचे आणि प्रत्येक बाटलीवर घाण्याचा क्रमांक व तारीख. पूर्वीचे आकडे दर वेळी थोडे घसरत गेले असतील तर कारण बहुतेक हेच.

हे सगळे कुठे लिहिते आहेस? सुट्या कागदांवर असेल तर आजच शिवलेली, पानांना क्रमांक असलेली वही घे. निळे-काळे बॉलपेन, खोडरबर नाही, चुकले तर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. दर आठवड्याला गाइड सरांची सही घे. फसलेला घाणाही लिही.

आणखी एक प्रश्न तुला विचारला जाणार : हे पाणी पुढे कुठे सोडणार? सांडपाणी सोडण्याच्या आपल्याकडच्या सर्वसाधारण मानकांत पीएच 5.5 ते 9 मध्ये हवा. तुझे पाणी 12 च्या वर आहे. ते 8 वर आणायला किती आम्ल लागले, हे ब्युरेटने मोजून पोस्टरवर टाक. त्याच मानकांत नदी-तलावात सोडायच्या पाण्यात विरघळलेला फॉस्फरस लिटरला 5 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, म्हणजे तुझी सुरुवातच त्या मर्यादेवर आहे. उलट तलावात शेवाळ माजायला लिटरला मिलिग्रॅमचे काही शतांशही पुरतात, त्या मानाने तुझे उरलेले 0.18 बरेच आहे. दोन्ही बाजू माहीत असलेल्या माणसासारखी उत्तर दे. आणि एकदा तरी डिस्टिल्ड पाणी सोडून खरे पाणी घे, पवई तलावाचे असेल तरी चालेल. खऱ्या पाण्यातले बायकार्बोनेट बराच चुना खाऊन टाकते, त्यामुळे मात्रा बदलेल. नमुना गाळून 4 अंशांवर ठेव आणि 48 तासांच्या आत वाच.

शिंपल्यांच्या चुन्याने फॉस्फेट काढण्यावर आधी काम झालेले आहे. कोरियात कालवांच्या शिंपल्यांवर तर खूपच. हे वाचून खचू नकोस. यात तुझे काय, ते अरुंद करून शोधायचे आहे. मुंबईच्या बाजारातल्या तिसऱ्या, घरगुती प्रमाणावर, खऱ्या तलावाच्या पाण्यात, शुद्ध चुन्याशी समोरासमोर तुलना करून, किमान किती मात्रा : एवढा दावा पुष्कळ आहे आणि तो तुझा आहे. सी. व्ही. रामन यांचा पहिला पेपर नोव्हेंबर 1906 चा, ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मधला, वय 18. विषय काय? आयताकृती फटीतून येणाऱ्या प्रकाशाचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे का नसतात. बस, तेवढेच. कमला सोहोनी, तेव्हाच्या भागवत, यांनी 1939 मध्ये केंब्रिजला पीएच.डी. मिळवली ती बटाट्यावर काम करून, वनस्पतींतही सायटोक्रोम सी असते हे दाखवून. पुढे त्या आपल्या मुंबईतल्याच विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. दोघांच्याही सुरुवातीच्या कामात प्रश्न लहान आहे आणि उत्तराला कुठून धक्का लागेल ते आधीच बघून ठेवलेले आहे.

जर्नलकडे वळू. पाच दिवसांत पेपर छापू म्हणणारा तो वाचणार नाही, हे उघड आहे. वाचायला दोन जाणकार शोधायचे, त्यांनी वेळ काढायचा, शंका लिहायच्या, तू उत्तरे द्यायची. याला महिने लागतात. ईमेलमध्ये ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ असे लिहिले असेल तर लक्षात ठेव, यूजीसीने आपली मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी 2025 मध्ये बंद केली, त्या नावाने आज कोणी मान्यता दाखवू शकत नाही. आयएसएसएन क्रमांक असणे म्हणजे नियतकालिकाची नोंद आहे एवढेच, दर्जाशी त्याचा संबंध नाही. त्यांच्या संपादक मंडळातली दोन नावे घे आणि त्या माणसांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का बघ. छापलेल्या तीन पेपरांचे डीओआय (पेपरचे कायमचे ऑनलाइन क्रमांक) उघडतात का बघ. आणि त्यातला एक पेपर वाच. ही कसोटी सगळ्यात खात्रीची आहे, पण फार थोडे जण लावून पाहतात.

पीडीएफ पाठवली आहेस, त्यामुळे गप्प बसून चालणार नाही. आजच एक ईमेल लिही : अमुक शीर्षकाचे हस्तलिखित मी मागे घेत आहे, मी कोणताही स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) फॉर्म भरलेला नाही व शुल्क दिलेले नाही, कृपया ते प्रसिद्ध करू नये. गाइड सरांना त्याची प्रत लाव. उत्तर आले तर जपून ठेव, नाही आले तर आठवड्याने तोच ईमेल पुन्हा पाठव आणि दोन्ही जपून ठेव. हे न करता दुसऱ्या जर्नलला पाठवलेस तर एकच काम दोन ठिकाणी दिल्याचा ठपका येतो. चांगल्या जर्नलांपैकी पुष्कळ सबस्क्रिप्शन पद्धतीने चालतात, तिथे लेखकाला सहसा काही भरावे लागत नाही. नव्या बाटल्यांचे आकडे हाती आल्यावर, तुझ्या संदर्भयादीत सर्वांत जास्त वेळा आलेली तीन जर्नले काढ आणि सरांबरोबर बसून त्यातले एक निवड.

आता त्या मित्रांचे नाव. याबद्दल तुझ्या मनात अपराधीपणा आहे असे पत्रावरून वाटले, तो नसावा. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपणाचे चार निकष घालून दिले आहेत आणि इतर शाखांतही ते मानले जातात : कामात ठोस वाटा, लेख लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि छापलेल्या कामाची जबाबदारी. चारही हवेत. नुसती ओळख, नुसती खुर्ची किंवा नुसते रसायन देणे यात बसत नाही. त्यांच्यासाठी शेवटी आभाराची ओळ असते. पण सरांशी हे वादाच्या सुरात बोलण्याची गरज नाही. पेपर लिहायला घेण्याआधी एका कागदावर तक्ता कर : कल्पना, पद्धत, प्रयोग, आकडेमोड, लेखन, तपासणी, साधने, समोर नावे. मग म्हण, ‘सर, बरीच जर्नले आता प्रत्येक लेखकाने काय केले ते लिहून मागतात. मी हा तक्ता भरून आणलाय. त्या सरांचे योगदान कुठल्या ओळीत लिहू?’ त्यांनी खरेच काही केले असेल, साका तपासायला एक्स-रे डिफ्रॅक्शन करून देणार असतील, मसुदा वाचून सुधारणार असतील, तर ओळ भरली जाईल आणि नाव रास्त ठरेल. नसेल तर कोरी ओळ सगळ्यांनाच दिसेल. तरीही आग्रह राहिला तर विभागप्रमुखांकडे हाच कागद घेऊन जा. तुझे नाव पहिले असावे, हे मात्र पहिल्याच बैठकीत स्पष्ट विचार. प्रयोग आणि पहिला मसुदा तुझा असेल तर ते मागणे योग्यच आहे.

पेटंट : आमच्या मते नको. आधी झालेले काम पाहता नावीन्य दाखवणे अवघड, आणि पोस्टर लोकांपुढे लागून गेले आहे. पेटंट कायद्याच्या कलम 31 मध्ये 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती ठरावीक प्रदर्शने आणि विद्वत्सभांपुरती. कॉलेज-विद्यापीठाच्या पोस्टरला ती मिळेल असे धरून चालू नये. पुढे कधी खरोखर नवे काही हाती लागले तर दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज कर, पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे. वकिलाला पैसे देण्याआधी भारतीय पेटंटांच्या सार्वजनिक शोधपानावर स्वतः दोन तास शोध घे.

पप्पांची हौस मोडू नकोस. बातमी जरूर द्या, फक्त मजकूर तू लिहून दे, म्हणजे ‘शोध लावला’ असे कोणी परस्पर घालणार नाही. उदाहरणार्थ : ‘वर्सोवा कोळीवाड्यातील विद्यार्थिनीने तिसऱ्यांचे शिंपले भाजून मिळणाऱ्या चुन्याने पाण्यातील फॉस्फेट किती कमी होते, याची प्रयोगशाळेत मोजणी केली. तिचे पोस्टर आविष्कार स्पर्धेच्या पुढील फेरीसाठी निवडले गेले आहे.’ यात अभिमानाला पुरेशी जागा आहे आणि मुलाखतीत अडचणीत आणणारा एकही शब्द नाही.

सीव्हीत ‘तयारीत’, ‘पाठवलेला’, ‘परीक्षणाधीन’, ‘स्वीकृत’ आणि ‘प्रसिद्ध’ हे पाच वेगळे शब्द आहेत, एकाच्या जागी दुसरा नको. आज तुझा पेपर ‘तयारीत’ आहे. आविष्कारची ओळ फेरी, गट आणि वर्षासकट लिही. ओर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळखक्रमांक फुकट मिळतो, आत्ताच काढ. पुढे नाव बदलले तरी काम तुझ्याच नावावर राहते. पीएच.डी.च्या मुलाखतीत तुझ्याच कामातला एखादा आलेख फळ्यावर काढायला लावतात आणि ‘हा बिंदू इथे का?’ म्हणून विचारतात. त्या चार बाटल्यांचा आलेख न बघता काढता येईल इतका ओळखीचा कर. नेट परीक्षेची तयारी सोबत चालू ठेव. त्यातून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती महिना 37,000 रुपये आहे, घरावर भार न टाकता संशोधन करायचे तर तो आधार मोठा आहे.

राहता राहिली एक गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस. बाजारात तिसऱ्या म्हणून एकाहून जास्त जाती येतात आणि तुझ्या पत्रात जातीचे शास्त्रीय नाव नाही. त्याशिवाय तुझा प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येणार नाही. वर्सोव्यातच केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. कॉलेजचे पत्र घेऊन तिथे जा. जाताना भुकटी नेऊ नकोस, दोन्ही झापा जोडलेले, न फुटलेले सात-आठ शिंपले प्रत्येक घाण्यातून वेगळे काढून, कुठून व कधी घेतले ते चिठ्ठीवर लिहून ने. पुढच्या वेळी घरी तिसऱ्या होतील तेव्हा कुटायच्या आधी ते बाजूला काढायला आईला सांगून ठेव.